उजवीकडचा तुकडा

९ जानेवारी

दादा,

तुझा पाण्याच्या टाकीचा फोटो मिळाला. पाकिटावर ‘वाकवू नये’ असं तू ठळक लिहिलं होतंस, ते वाचून पोस्टमनने पाकीट नीट दुमडलं आणि दाराखालून आत सरकवलं. त्यामुळे टाकीच्या मधोमध एक घडी आहे, पण ती तुझ्या आकाशापेक्षा बरी दिसते. रागावू नकोस, आकाश फारच पांढरं छापलं आहेस. दातांचा डॉक्टर असल्यामुळे तुला सगळंच पांढरंशुभ्र लागत असावं.

माझा सोबत आहे. नेहमीप्रमाणे दोन प्रती, एक तुला ठेवायला आणि एक कात्री लावून परत पाठवायला. आमच्या लाँड्रीतला आहे. दुपारी काउंटरवर कुणी नसतं तेव्हा मागच्या खिडकीतून ऊन येतं आणि दांडीवर टांगलेल्या शर्टांच्या कॉलरी उजळतात. रोज बघते, पण कॅमेरा न्यायचं परवाच सुचलं. उजव्या कडेला जे टोकदार दिसतंय तो ह्यांचा कोपर. माझा डबा द्यायला आले होते. मी म्हटलं हलू नका, म्हणून बिचारे हलले नाहीत.

यंदा फोटोग्राफी मंडळाच्या प्रदर्शनात माझा एक तरी फोटो लागावा असं फार वाटतं. काकांनी शिकवलेल्या आपल्यासारख्या सगळ्यांचे लागून झाले, मीच तेवढी राहिले. तू निवड समितीत आहेस म्हणून वशिला लावत नाही. फक्त खरं काय ते सांगत जा, गोड बोलू नकोस.

ह्यांच्या छापखान्यात काहीतरी कुजबुज चालली आहे. हे काही बोलत नाहीत. मला सगळं गिऱ्हाइकांच्या तोंडून कळतं.

तुझी,
चिमणी


१७ जानेवारी

चिमणे,

मी आणि गोड? आयुष्यभर लोकांना गोड खाऊ नका सांगण्यात गेलं माझं.

शर्ट चांगले आहेत. ऊन चांगलं आहे. कोपर वाईट आहे. परत पाठवलेल्या प्रतीत बघ, उजवीकडून दोन बोटं कापलं आहे. आता डोळा पहिल्या कॉलरीपासून शेवटच्या कॉलरीपर्यंत सरळ जातो आणि तिथेच थांबतो. मघाशी तो जाऊन तुझ्या नवऱ्याच्या कोपरावर आपटत होता.

आमचे बाबा, म्हणजे तुझे काका, काय सांगायचे ते विसरलीस वाटतं. फोटोत काय ठेवायचं ते कुणालाही कळतं, काय टाकायचं ते कळायला पाहिजे. अर्धा माणूस कडेला लटकत ठेवण्यापेक्षा तो नसलेला बरा. आणि एकदा काप ठरला की निगेटिव्हही तेवढीच कापायची, म्हणजे मागाहून मन डळमळायला जागा राहत नाही.

माझा सोबत आहे. दवाखाना बंद केला त्या दिवशी काढलेली माझी रुग्णांची खुर्ची. विकत घ्यायला आलेला माणूस तिच्यावर बसून तोंड उघडून बघत होता, त्याला उठवून काढला. तुझं मत कळव. आकाश नाही त्यात, तेव्हा टोमणे मारायला दुसरं काही शोध.

दादा


४ फेब्रुवारी

दादा,

काप पाहिला. तुझं बरोबर आहे. कोपर गेल्यावर शर्ट नुसते शर्ट राहिले नाहीत, कुणाची तरी वाट बघत उभी असलेली माणसं वाटायला लागली. निगेटिव्हही कापली. नखाएवढा तुकडा निघतो, पण इतकी वर्षं झाली तरी कात्री लावण्याआधी मी ती दोनदा उजेडात धरून बघते.

तुझी खुर्ची आवडली. डोकं टेकायच्या जागी रेक्झिन फाटलं आहे, तिथे माझी नजर पुन्हा पुन्हा गेली. पण दादा, वहिनी गेल्यापासून तुझ्या एकाही फोटोत माणूस नाही. टाकी, बाक, बंद शटर, खुर्ची. ही टीका नाही. दिसलं ते लिहिलं.

इकडे छापखाना बंद झाला. हे सकाळी नेहमीसारखे गेले आणि तासाभरात डबा तसाच घेऊन परत आले. ओळखपत्र दारावरच काढून घेतलं म्हणे. तेव्हापासून घरी आहेत. दोन खोल्या, त्यात हे असे ताडमाड, त्यामुळे कॅमेरा कुठेही रोखला तरी ह्यांचं काही ना काही आत येतंच. सोबतचा फोटो फडताळावरच्या बरण्यांचा आहे. खाली कोपऱ्यात टेकडीसारखा जो उंचवटा आहे तो ह्यांचा गुडघा. कसाही घेतला तरी टळेना.

एक सोय मात्र झाली आहे. मी बाथरूममध्ये लाल दिवा लावून प्रिंट काढायला बसले की हे बाहेर स्टूल टाकून बसतात आणि मोठ्याने आकडे मोजतात. मी ‘आता’ म्हटलं की सुरू करायचं आणि मी ‘पुरे’ म्हटलं की थांबायचं. छापखान्यात कागद मोजून मोजून अशी सवय झाली आहे की एकही आकडा लवकर किंवा उशिरा पडत नाही. घड्याळ झक मारेल. दिवसभरात ह्यांचा आवाज ऐकू येतो तो तेवढाच.

चिमणी


१५ फेब्रुवारी

चिमणे,

गुडघा काढला. मेहुण्यांना सांग, डॉक्टरने कोपर काढला, गुडघा काढला, आता दात तेवढे राहिलेत, तेही सांभाळून ठेवा.

बरण्या ठीक आहेत, पण त्यांच्यात बघण्यासारखं काही घडत नाही. मीठ आणि साखर शेजारी शेजारी बसली आहेत, पुढे काय? प्रदर्शनाच्या लायकीचा हा नाही. खरं सांगायला सांगितलंस म्हणून सांगतो.

वहिनीबद्दल लिहिलंस ते वाचलं. तसं लिहू नकोस. बाबांच्या वेळेपासून आपलं ठरलं आहे, कागदावर जे आहे त्यावर बोलायचं, कागदाबाहेरचं काढायचं नाही. त्यामुळेच इतकी वर्षं आपलं टिकलं.

छापखान्याचं ऐकून वाईट वाटलं. पण मशीनवर हात बसलेल्या माणसाला कुठेही काम मिळतं, काळजी करू नका. त्यांना म्हणावं, सकाळी बाहेर पडत जा. घरात बसून माणूस बुरसतो. शिवाय तुझ्या फ्रेमाही मोकळ्या होतील.

सोबत बंद पडलेल्या पेट्रोल पंपाचा फोटो. होय, माणूस नाही त्यात.

दादा


२० मार्च

दादा,

महिनाभर लिहिलं नाही म्हणून रुसला नसशील. पंप फार छान आहे. नळी जमिनीवर वेटोळं घालून पडली आहे तो भाग तर मी भिंगाखाली धरून पाहिला. मला कापण्यासारखं काही सापडलं नाही, म्हणजे तू जिंकलास.

तुझा निरोप ह्यांना सांगितला. पहिले काही दिवस गेले बाहेर. इस्त्रीचा शर्ट घालून, कागदांची पिशवी घेऊन. दोन-तीन छापखान्यांत विचारून आले. सगळीकडे म्हणतात, आता ती मशिनं कुठे राहिली. मग बाहेर जायचे, पण जिन्यापर्यंतच. मी लाँड्रीतून आले की मधल्या पायरीवर बसलेले दिसायचे. शेजारणीला वाटलं किल्ली हरवली म्हणून, ती बिचारी पाणी घेऊन आली.

डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, मला काय धाड भरली आहे? जेवताना घास हातात घेऊन बसून राहतात. मी बोलले की दचकतात आणि पटकन तोंडात घालतात, चोरी पकडल्यासारखा. मला हे कुणाला सांगता येत नाही. तुला कागदाबाहेरचं नको असतं, तरी लिहिलं. जिन्याच्या फोटोत हे आहेत, म्हणून लिहिलं असं समज.

वरून काढला आहे. कठड्याच्या सावल्या पायऱ्यांवर पडल्या आहेत. उजवीकडे खाली ह्यांची पाठ आणि एक कान.

परवा गंमत झाली. प्रिंट वाळत घालत होते तर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मी येतो का गं कधी यात?” ज्या माणसाला कुणाच्याही लग्नात फोटोची वेळ आली की नेमक्या चपला शोधायच्या असतात, तो हे विचारतोय. मला हसूच आलं. म्हटलं, “सारखे येता. दादा कापतो.” तेही हसले. कितीतरी दिवसांनी हसले, म्हणून तुला कळवते.

चिमणी


२९ मार्च

चिमणे,

मेहुण्यांना विनोद कळतो हे वाचून बरं वाटलं. हसला म्हणजे माणूस सुधारतोय. आमच्याकडेही दाढ काढून झाल्यावर जो हसायचा त्याची मला कधी काळजी वाटली नाही.

पाठ आणि कान काढले. आता फक्त जिना आहे, आणि आता तो कुठेतरी जातोय असं वाटतं. आतापर्यंतचा तुझा सर्वांत चांगला. पण अजून घरातलाच आहे, भिंतीवरचा नाही.

मुदत जवळ आली आहे, म्हणून एकदा सल्ला देतो. खिडकीजवळ तुमचं जेवायचं टेबल आहे ना? सकाळचं ऊन तिथे तिरकं येत असणार. तिथे काढ. फार वस्तू मांडू नकोस. आणि या वेळी कात्री माझ्यावर सोपवू नकोस. दुसऱ्याने कापलेल्या फोटोला समितीत मीच हात वर करू शकत नाही, ते बरं दिसणार नाही. तूच ठरव, तूच काप. आणि कापताना निर्दय हो. तुझं सगळं अडतं ते तिथेच.

दादा


१२ एप्रिल

दादा,

या वेळी तुला काम ठेवलेलं नाही. एकच प्रत पाठवते आहे, आणि ती कापलेली आहे.

काल सकाळी काढला. हे आपणहून लवकर उठले, आंघोळ केली, महिनाभराची दाढी उतरवली आणि क्रीम रंगाचा शर्ट काढून घातला. चहाही स्वतः केला. दोघांचा. मी बघतच राहिले. माझ्या जिवावरचं मणभर ओझं उतरलं बघ. मनात म्हटलं, चला, वाईट दिवस गेले एकदाचे.

टेबलावर ऊन आलं होतं, कपांमधून वाफ निघत होती. मी उठून कॅमेरा आणला. उजवीकडे नेहमीचा अडथळा होताच. तसाच छापला, वाळवला, मग फूटपट्टी ठेवून बघितली आणि तू म्हणालास तशी निर्दय झाले. फूटपट्टी ह्यांनी धरली, म्हणून काप इतका सरळ आला आहे. माझ्या एकटीच्या हाताने कधी येत नाही. मन बदलायच्या आत निगेटिव्हही कापली.

आता तुझं मत. आणि खरं सांग.

चिमणी


२३ एप्रिल

चिमणे,

खरं सांगतो. मी हा फोटो पाकिटातून काढला आणि उभ्याउभ्याच बघत राहिलो. चहा गार झाला माझा.

दोन कप, उन्हाचा तो लांब तुकडा आणि ती किंचित मागे सरकवलेली रिकामी खुर्ची. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी. वाफसुद्धा अजून आहे. उजवीकडे तू अशा ठिकाणी थांबली आहेस की एक केसभरही अलीकडे नको, पलीकडे नको. आणि काप तर इतका सरळ, की समितीत विचारलं, हा यंत्राने कापला का. मी म्हटलं, आमच्या बहिणीचे यजमान छापखान्यातले आहेत.

एकमताने निवडला गेला. मी हात वर करायच्या आधीच बाकीच्यांचे वर होते. दर्शनी भिंतीवर मधोमध लागणार आहे. त्याला नाव लागतं, तू दिलं नव्हतंस, म्हणून मीच लिहून टाकलं, ‘आत्ताच उठून गेलेला’. आवडलं नाही तर कळव.

बाबा असते तर त्यांनी तुझी पाठ थोपटली असती. त्यांच्या वतीने मी थोपटतो. मेहुण्यांना घेऊन उद्घाटनाला ये. त्यांना त्या भिंतीसमोर उभं करू आणि सांगू, यातलं फूटपट्टीचं काम तुमचं.

दादा


२ मे

दादा,

हे घरी नाहीत. तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी लाँड्रीत गेले आणि संध्याकाळी आले तर घराला कुलूप होतं. किल्ली शेजारणीकडे देऊन गेले होते. तिला म्हणाले, हिला सांगा, दूध तापवून ठेवलं आहे.

सगळीकडे बघितलं. नातेवाईक, जुन्या कामावरचे लोक, सरकारी दवाखाने. कुठे नाहीत.

पोलीस चौकीत अलीकडचा फोटो मागितला. माझ्याकडे नाही. कागदपत्रांवरचा आहे तो नुसता काळा डाग, हवालदाराने बघून परत दिला. कपाट उपसलं. शर्टांचे, बरण्यांचे, जिन्याचे, छपरांचे ढीग आहेत आणि हे कुठेच नाहीत. हवालदार म्हणाला, “बाई, तुम्ही फोटो काढता ना?”

तू कापलेले तुकडे लगेच पाठव. सगळे. गेल्या वर्षीचेही. आणि ठेवायला म्हणून पाठवलेल्या अखंड प्रतीही पाठव.

चिमणी


९ मे

चिमणे,

पत्र मिळाल्याबरोबर फोन केला होता, शेजारणीने उचलला. म्हणाली तू चौकीत गेली आहेस. धीर सोडू नकोस. माणूस असा दूध तापवून ठेवून जातो तो परत यायलाच जातो. कुठेतरी कामाच्या शोधात गेले असतील आणि रिकाम्या हाताने यायला लाजत असतील.

आता तुकड्यांचं. खरं सांगायचं तर मी ते ठेवत नाही. टेबलावरून झाडून टाकतो. आणि काप ठरला की माझ्याकडची अखंड प्रतही मी तेवढीच कापतो, दोन्ही सारख्या राहाव्यात म्हणून. ते तुला माहीत असेल असं मी धरून चाललो होतो. तरी परवापासून सगळं घर धुंडाळलं. एक तुकडा पुस्तकात खूण म्हणून ठेवलेला सापडला, त्यात कोपर आहे. एक डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी करून घातला होता, त्यात गुडघा. जिन्याचा केराच्या टोपलीच्या मागे पडला होता, तो चांगला आहे, पाठ आणि कान स्पष्ट दिसतात. एकात नुसता हात आहे, तो कुठल्या फोटोतला ते मला आठवेना. सगळे सोबत पाठवतो. चेहरा कशातच नाही.

पण तू इतकी का घाबरतेस? निगेटिव्ह आहेत ना तुझ्याकडे? त्यांवरून पूर्ण छापून घे. बाबांचा तो कापायचा नियम ठीक आहे, बोलायला. ते स्वतःही कापत नसत, मीही कधी कापल्या नाहीत. माझ्या सगळ्या बुटांच्या खोक्यात पडून आहेत. तूही ठेवल्याच असशील.

दादा


१९ मे

दादा,

मी कापल्या. सगळ्या. काका सांगत, तू सांगत होतास, म्हणून कापल्या. दर वेळी तुला लिहिलंही, निगेटिव्ह कापली, निगेटिव्ह कापली. तुला काय वाटलं, मी उगाच लिहिते?

तुकडे मिळाले. टेबलावर मांडून बघितले. कान वर, मग पाठ, मग कोपर, हात, गुडघा. माणूस होत नाही त्याचा. हात कुठल्या फोटोतला ते मी सांगते. मागच्या वर्षी छत्रीचा फोटो पाठवला होता त्यातला. हे छत्री धरून उभे होते, कॅमेरा भिजू नये म्हणून. तू लिहिलं होतंस, छत्री अधांतरी असली तर जास्त छान.

चौकीत तुकडे दाखवले. हवालदार वाईट नाही. त्याने ते एकेक करून हातात घेतले, परत नीट रचून दिले आणि म्हणाला, लग्नातला असेल तर द्या. शेवटी तोच दिला. त्यात हे पंचविशीचे आहेत, काळ्याभोर मिशा, गाल वर आलेले. तो फोटो आता बसथांब्यांवर चिकटवला आहे. लोक कळवतात, पाहिला म्हणून. मी धावत जाते तर कुणाचा तरी तरुण मुलगा असतो. एकाच्या तर मी दंडाला धरलं. तो म्हणाला, “काकू, सोडा.”

ह्यांच्यासमोरून कुणी रोज जात असेल तरी त्या फोटोवरून ओळखणार नाही. मला हे कळतं, म्हणून मी आता वाट बघायचं मनातून सोडत चालले आहे. तोंडाने सगळ्यांना सांगते, येतील.

चिमणी


२६ मे

चिमणे,

तुझं पत्र वाचलं. मी निघालो होतो, स्टेशनपर्यंत आलो आणि परतलो. तुझ्यासमोर काय तोंड घेऊन उभा राहू?

प्रदर्शन सुरू झालं आहे. लोक तुझ्या फोटोसमोर थांबतात. मी लांब बसतो, मला तिकडे बघवत नाही. तू सांगत असशील तर आत्ता जाऊन भिंतीवरून उतरवतो.

आणि एक विचारतो. आजवर तुला असं विचारलं नाही. त्या फोटोत उजवीकडे काय होतं? तो तुकडा मी कापलेला नाही, म्हणजे तुझ्याकडेच असणार. नीट शोध. त्यात काहीतरी उपयोगाचं निघेल.

दादा


६ जून

दादा,

फोटो उतरवू नकोस. राहू दे तिथेच. आमच्या घरातलं ते ऊन मला आता कुठे बघायला मिळणार नाही, इथे मी ती खिडकी लावूनच घेतली आहे. नाव मात्र बदल. तुम्ही सगळे ज्या खुर्चीकडे बघताय ती माझी आहे. मी कॅमेरा आणायला उठले होते. उठून गेलेली मी.

हे दुसऱ्या खुर्चीत होते. समोर.

तू विचारलंस म्हणून सांगते, उजवीकडे काय होतं. आधी हे अगदी मधोमध येत होते. मी म्हटलं, जरा सरका, उजेड अडतोय. हे खुर्चीसकट सरकले. तरी कडेला आलेच. कॅमेऱ्याकडे सरळ बघत बसले होते, दोन्ही हात टेबलावर ठेवून, पहिल्या दिवशी शाळेत बसवलेल्या मुलासारखे. दाढी गुळगुळीत. क्रीम शर्टाचं वरचं बटणही लावलं होतं. इतक्या वर्षांत ह्यांनी माझ्या कॅमेऱ्याकडे कधी बघितलं नव्हतं, आणि मी भिंगातून काय बघत होते, तर कपाची वाफ निघून जाते की काय.

दुपारी छापला. बाहेर बसून नेहमीसारखे मोजत होते. मी ओला कागद दोरीवर लावला तर आत आले, चष्मा पुसून घातला आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, “बरा आलोय.” मी म्हटलं, “हो, आलाय खरा छान.” मी फोटोबद्दल म्हणत होते, दादा.

तो तुकडा नाही. कापला तो केराच्या डब्यात पडला, आणि संध्याकाळी डबा खाली नेऊन रिकामा करायचं काम ह्यांचंच होतं. त्या दिवशीही नेला. वर यायला वेळ लागला. मला वाटलं खाली कुणाशी बोलत असतील, आणि बरंच वाटलं.

मी आता प्रिंट काढत नाही. परवा एकदा बसले होते. लाल दिवा लावला, कागद रसायनात सोडला, ‘आता’ म्हटलं आणि ऐकत बसले. कागद काळा होत गेला, पूर्ण काळा, तरी मला हात घालून तो बाहेर काढता आला नाही. तेव्हा यापुढे फोटो पाठवू नकोस, मीही पाठवणार नाही.

तू लिहिलं होतंस, काप यंत्राने केल्यासारखा सरळ आहे. समितीतल्या लोकांना तो फार आवडला म्हणून. तो कसा आला ते पुरतं सांगायचं राहिलं. मी टेबलावर फोटो ठेवला, खुर्ची संपते तिथे फूटपट्टी टेकवली, पण एका हातात कात्री धरली की दुसऱ्या हाताखालून फूटपट्टी निसटत होती. मी ह्यांना हाक मारली. म्हटलं, जरा इथे दाबून धरा. हे आले. फूटपट्टीच्या एका बाजूला ऊन होतं आणि दुसऱ्या बाजूला हे स्वतः होते, बटण लावून बसलेले. ह्यांनी बघितलं. दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली, आणि माझी कात्री खालपर्यंत जाईस्तोवर तसूभर हलू दिली नाही.

चिमणी